पासथ्रू व्हीएम सुरू करण्याआधी मेमलॉकचा हिशेब

पासथ्रू म्हणजे होस्टचं खरं कार्ड (ग्राफिक्स वगैरे) थेट व्हीएमच्या, म्हणजे आभासी मशीनच्या, हवाली करणं. मेमलॉक म्हणजे एका प्रोसेसला किती रॅम खिळवून ठेवता येईल, त्याची मर्यादा. बायोसमध्ये आयओएमएमयू (कार्डाला मेमरीचा कुठला भाग दिसेल ते ठरवणारं हार्डवेअर) चालू आहे आणि कार्ड व्हीएफआयओ (कार्ड व्हीएमला देणारा लिनक्सचा) ड्रायव्हरकडे दिलंय, एवढं धरून चालतो. ते झालं नसेल तर आधी ते करा.

सुरुवात व्हीएमच्या रॅमपासून. पूर्ण रॅमपासून, आत किती वापरली जाते त्यावरून नाही. कार्ड डीएमए करून, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, पाहुण्या मशीनच्या (व्हीएमच्या) मेमरीतल्या कुठल्याही पानावर लिहू शकतं, म्हणून कर्नल सगळी पानं जागच्या जागी खिळवून टाकतो. वर 1 जीबी जास्तीचा धरा. लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) तेही तेवढाच धरतं. 16 ची व्हीएम, म्हणजे 17. इथवर मलाही जमलं होतं.

आता व्हीएमला व्हर्च्युअल आयओएमएमयू दिलंय का, ते बघा. खरंच बघा. ते नसेल तर सगळी कार्डं एकाच नकाशावर चालतात आणि रॅम एकदाच मोजली जाते. ते असेल तर प्रत्येक कार्डाचा नकाशा वेगळा, आणि तीच रॅम कार्डागणिक पुन्हा मोजली जाते. दोन कार्डं असतील तर 16 दुणे 32 अधिक 1, म्हणजे 33. मी 17 वरच थांबलो. एका कार्डावर व्हीएम मजेत चालली, दुसरं लावलं आणि ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’. होस्टवर रॅम ढीगभर मोकळी, म्हणून अर्धी रात्र रॅमच्याच मागे लागलो. म्हणून पुन्हा सांगतो, कार्डं मोजा आणि गुणा. नंतर तिसरं लावलंत तर पुन्हा गुणा. नवं लिबव्हर्ट हा गुणाकार स्वतः करतं. क्यूईएमयू (प्रत्यक्ष व्हीएम चालवणारा प्रोग्राम) हाताने चालवत असाल तर तो तुमच्याच गळ्यात.

एककं सांभाळा. मर्यादा बघायची-बदलायची यूलिमिट कमांड आणि लिमिट्स डॉट कॉन्फ फाइल केबीत बोलतात, प्रॉक मधली लिमिट्सची फाइल बाइटमध्ये. 33 जीबी म्हणजे 34603008 केबी. आणि सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) सर्व्हिस लिमिट्स डॉट कॉन्फ वाचतच नाही, तिथे युनिट फाइलमध्येच मर्यादा लिहावी लागते.

लिबव्हर्टमध्ये हार्ड लिमिट टाकून वेळ मारून नेऊ नका. तोच आकडा सीग्रुपलाही (प्रोसेसच्या एकूण मेमरीवर कर्नलने घातलेल्या मर्यादेलाही) लागतो, कमी पडला की ओओएम (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) व्हीएमलाच मारतो.

बलूनवर (चालू व्हीएमकडून रॅम परत घेण्याच्या सोयीवर) विसंबू नका, पासथ्रूत तो चालत नाही. रॅम चालू मशीनमध्ये वाढवणार असाल तर कमाल आकडा धरा. सगळी कार्डं लावूनच सुरू करून बघा, एक लावून नाही. अडलं तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) आरलिमिट मेमलॉक शोधा. दिसलं, की कार्डं पुन्हा मोजा.