‘अ‍ॅनिमल फार्म’चा अ‍ॅनिमेशनपट राजकीय अंगाने कसा दाखवावा आणि पाहावा

लालबाग-परळकडील एखाद्या वाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात जॉन हलास आणि जॉय बॅचलर यांचा १९५४ सालचा ‘अ‍ॅनिमल फार्म’ दाखवायचा असेल, तर प्रोजेक्टरची सोय पाहण्याआधी संयोजकाने जॉर्ज ऑरवेल यांच्या १९४५ सालच्या मूळ कादंबरीचे शेवटचे प्रकरण वाचून काढावे. गोष्ट अशी: शेतावरचे प्राणी माणूस मालकाला हुसकावून लावतात आणि पुढे डुकरेच नवे मालक होऊन बसतात. चित्रपट सव्वा तासाच्या आतच संपतो. चर्चेसाठी निदान तेवढाच वेळ राखून ठेवावा. डुकरे-कोंबड्यांचे चित्र पाहून पालक लहानग्यांना घेऊन येतात आणि बॉक्सर घोड्याच्या प्रसंगानंतर त्यांची समजूत घालता घालता थकतात, म्हणून सूचनाफलकावर वयाचा उल्लेख जरूर करावा.

बंडाची हाक देणाऱ्या ओल्ड मेजर या म्हाताऱ्या डुकरामध्ये मार्क्स आणि लेनिन, हुकूमशहा बनणाऱ्या नेपोलियन या डुकरामध्ये स्टालिन, त्याने दूर केलेल्या स्नोबॉल या प्रतिस्पर्धी डुकरामध्ये ट्रॉट्स्की ही ओळख आरंभीच दोन मिनिटांत करून द्यावी आणि तिथेच थांबावे, कारण जोड्या लावण्याच्या नादात प्राण्यांनी आपले नियम जिच्यावर लिहिले आहेत त्या भिंतीवरून प्रेक्षकांचे लक्ष उडते. खरे राजकारण तिथेच आहे. प्राण्याने प्राण्याला मारू नये, या नियमापुढे ‘कारणाशिवाय’ एवढेच जोडले जाते आणि झालेल्या हत्या नियमात बसतात. दडपशाहीला इथे कायदा मोडावा लागत नाही, दुरुस्ती पुरते. हे ध्यानात यावे म्हणून भिंतीची दृश्ये एकामागून एक पुन्हा दाखवावीत.

राबून थकलेल्या बॉक्सरला कत्तलीसाठी घेऊन जाणारी गाडी दिसली की आपल्याकडे कुणीतरी गिरणी कामगारांचा विषय काढणारच, आणि तो काढू द्यावा. मात्र तुलना कुठे तुटते, हेही विचारावे. बॉक्सर अखेरपर्यंत ‘नेपोलियनचेच बरोबर’ असे म्हणत अधिक राबतो. याउलट १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेलेल्या कामगारांनी मालकांना विरोध केलाच, शिवाय मान्यताप्राप्त संघटनेचे प्रतिनिधित्वही नाकारले होते. त्यांची हार झाली, पण ती बॉक्सरच्या आंधळ्या निष्ठेची हार नव्हती.

सर्वाधिक वेळ शेवटाला द्यावा. कादंबरीत डुकरे आणि शेजारचे मनुष्य शेतमालक एकाच टेबलाशी पत्ते खेळत भांडतात, आणि खिडकीबाहेरच्या प्राण्यांना डुक्कर कोणते व माणूस कोणता हे ओळखता येत नाही. १९४३ च्या तेहरान परिषदेत स्टालिन आणि पाश्चात्त्य नेते यांच्यात झालेल्या सलोख्यावर तो टोला होता. चित्रपटात मात्र त्या मेजवानीला जमतात ती डुकरेच, आणि पुढे प्राणी उठाव करून त्यांच्यावर चाल करतात. या निर्मितीमागे अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचा गुप्त पैसा होता, हे बऱ्याच वर्षांनी उघड झाले. ही माहिती चित्रपट संपल्यावरच सांगावी. आधी सांगितल्यास प्रेक्षक निव्वळ प्रचार हुडकत बसतात आणि चित्रांमधली खरी ताकद त्यांच्या नजरेतून सुटते. माझ्या मते उठाव दाखवल्याने आशा वाढत नाही, टीकेची धार अर्धी होते, कारण टेबलावरून माणूस उठला की दोषी एकच बाजू उरते.

दिवे लागल्यावर कादंबरीचा शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि प्रत्येकाला एका कागदावर लिहायला सांगावे: चित्रपटातील टेबलावर कोण नव्हते, आणि त्याच्या नसण्याने कोणाचे फावले?