त्याच कॉन्फरन्समध्ये कॉलेज बदलताय? आधी पत्र घ्या

मोठ्या लेकीने २०१९मध्ये अमेरिकेत कॉलेज बदललं. खेळ टेनिस, दोन्ही कॉलेजं एकाच कॉन्फरन्समधली, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या कॉलेजांच्या एकाच गटातली, मधलं अंतर गाडीने साडेतीन तास. एनसीएए, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांची देशव्यापी संस्था, तिचे नियम मी पाठ केले होते. टेनिसपटूला एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येतं, हे तेव्हाही खरं होतं. वर्षभर न खेळता बसावं लागायचं ते (अमेरिकन) फुटबॉल, बास्केटबॉल अशा मोजक्या खेळांत. पण कॉन्फरन्सचा स्वतःचा नियम असतो आणि तो जास्त कडक असू शकतो, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. तोवर गादी आणि राइस कुकर तिसऱ्या मजल्यावर चढवून झाले होते. वर्षभर सराव करा, सामने नाहीत. मार्च २०२०मध्ये करोनाने सगळ्यांचाच हंगाम बंद पडला तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, आता सगळेच माझ्यासोबत बाकावर." आता धाकट्याचं तेच घाटतंय, म्हणून हे लिहून ठेवतोय.

पहिलं काम कॉन्फरन्सची नियमपुस्तिका वाचण्याचं, आणि तेही पोर्टलचं, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या एनसीएएच्या ऑनलाइन यादीचं, नाव काढायच्या आधी. एनसीएएची नाही, कॉन्फरन्सची. त्यात सदस्य कॉलेजांमधल्या आपापसातल्या बदलीचं कलम शोधा. कळवायची शेवटची तारीख काय, पत्र कोणाला द्यायचं, लगेच खेळता येतं की नाही, एवढं कागदावर उतरवा. लोक सांगतील, आता सगळं मोकळं झालंय. २०२१मध्ये सगळ्या खेळांना एकदा बदलीची मुभा मिळाली, एप्रिल २०२४पासून तर अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदला. खरं आहे. पण ते एनसीएएपुरतं! एसईसी या दक्षिणेतल्या मोठ्या कॉन्फरन्सने २०२१मध्ये आपल्यातल्या बदलीवरची वर्षभर बाहेर बसायची अट काढली, पण कळवायची शेवटची तारीख ठेवली: शरदातल्या खेळांना, म्हणजे फुटबॉललाही, १ फेब्रुवारी. त्यामुळे एनसीएएच्या एप्रिलच्या मुदतीत पोर्टलमध्ये उतरलेल्या फुटबॉलपटूला दुसऱ्या एसईसी कॉलेजात त्या वर्षी खेळायची सोय उरत नव्हती.

फुटबॉलपटू बेकर मेफिल्डचं उदाहरण घ्या. टेक्सस टेकमध्ये तो स्कॉलरशिपशिवाय खेळत होता. तिथून ओक्लाहोमाला गेला, दोन्ही तेव्हा बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्समधली. २०१४चा हंगाम बसून काढला, वर कॉन्फरन्सच्या नियमाने कॉलेजकडून खेळायच्या पात्रतेचं एक वर्षही कापलं गेलं. ते परत मिळायला २०१६मध्ये नियम बदलावा लागला. परत मिळालेल्या त्याच वर्षात, २०१७मध्ये, त्याने हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकली. आपल्या पोरांसाठी कोणी नियम बदलणार नाही.

आणखी एक खोच. कॉलेजं स्वतःच कॉन्फरन्स बदलतात. टेक्सस आणि ओक्लाहोमा १ जुलै २०२४ला एसईसीत आली. म्हणजे टेक्ससहून आधीपासून एसईसीत असलेल्या टेक्सस ए अँड एमला जाणं आदल्या वर्षी बाहेरची बदली होती, आता घरातली. मूल जाईल त्या दिवशी दोन्ही कॉलेजं कुठे असतील ते बघा.

मग आपल्या कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाडूंचे नियम सांभाळणाऱ्या कार्यालयाला, ईमेल करा. फोन नको. मी फोन केला होता, पलीकडून "काही अडचण दिसत नाही" असं गोड उत्तर मिळालं आणि ते बोलणं हवेत विरलं. प्रश्न नेमका विचारा: कॉन्फरन्सच्या नियमाने पहिल्या सामन्यापासून खेळता येईल का? उत्तरात "कॉन्फरन्स" हा शब्द नसेल तर पुन्हा विचारा. नाव पोर्टलमध्ये गेल्यावर हाच प्रश्न नव्या कॉलेजला, पुन्हा लेखी. कंटाळतील. कंटाळू देत.

कोचला पोराने आधी समोर बसून सांगावं. दरवर्षी जाळीपलीकडे तीच माणसं भेटणार आहेत. पोर्टलचा अर्ज लेखी द्यायचा, कॉलेजने दोन कामकाजाच्या दिवसांत नाव टाकायचं असतं. त्याआधी दुसऱ्या कोचशी बोलणं नाही, मधल्या काकांमार्फतही नाही. आणि नाव गेलं की चालू सत्र संपल्यावर जुनं कॉलेज स्कॉलरशिप थांबवू शकतं, तेव्हा रागाच्या भरात अर्ज करू नका. नव्या जागी किती जागा शिल्लक आहेत तेही विचारा. २०२५च्या हाउस समझोत्यात, म्हणजे खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या खटल्यातल्या तडजोडीत, सामील झालेल्या कॉलेजांत टेनिसचा संघ १० जणांचाच.

क्रेडिट. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के अभ्यास झालेला लागतो, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. हे टक्के नव्या कॉलेजच्या पदवीचे मोजतात. चांगल्या मार्कांनी पास झालेला विषय तिथे पदवीत धरला नाही तर टक्का घसरतो. प्रत्येक विषयाचा सिलॅबस जपून ठेवा.

नुकतीच सही केलेल्या मुलांसाठी: नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे अमुक कॉलेजातच येईन असं खेळाडूने सही करून द्यायचं पत्र, ऑक्टोबर २०२४मध्ये बंद झालं, आता आर्थिक मदतीचा करारच वाचायचा. पुण्या-मुंबईहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीची, बदली दोन्ही कॉलेजांच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयांतून करून घ्यावी, कोचच्या भरवशावर राहू नये.

बाकी नेहमीचं. गुडघ्याचे एमआरआय, लसींचे कागद, जुन्या खोलीचा भाडेकरार, जुन्या संघाचे कपडे परत. रॅकेट्स.

आणि कॉन्फरन्सच्या नियमाने लगेच खेळता येईल असं सांगणारं पत्र. आलं का? नसेल तर ट्रक बुक करू नका. आमच्याकडे आलंय, दोन प्रिंट काढल्यात, एक गाडीच्या कप्प्यात ठेवलीय. धाकटा हसतो. हसू दे.