चरित्र-अभिनेत्याची कारकीर्द कशी लिहावी

इंदूरच्या मराठी मंडळांच्या स्मरणिकांत एक लेख बहुधा असतोच. आपल्याच वस्तीतून मुंबईला गेलेल्या आणि मालिकांत, चित्रपटांत कधी वकील, कधी हेडमास्तर, कधी मुलीचा बाप झालेल्या एखाद्या नटाचा तो परिचय असतो. लहानपणापासूनची आवड, गणेशोत्सवातले पहिले नाटक, मुंबईतले हलाखीचे दिवस, मग चित्रपटांची यादी आणि शेवटी एखाद्या मोठ्या ताऱ्याबरोबरचे छायाचित्र, असा त्याचा ठरलेला क्रम. मीही असे लेख लिहिले आहेत. वाचून झाल्यावर त्या माणसाने कोणकोणत्या चित्रपटांत काम केले हे कळते, पण तीस-पस्तीस वर्षे त्याचे घर कशावर चालले, हे कळत नाही. पुढची पद्धत मी चुका करत शिकलो. असा लेख लिहायला बसणाऱ्याला ती उपयोगी पडावी.

असा नट म्हणजे चरित्र-अभिनेता. नायकाची कारकीर्द चित्रपटांत मोजता येते. चरित्र-अभिनेत्याची दिवसांत मोजावी लागते. चित्रपटात त्याचे काम दहा-बारा दिवसांचे असते आणि तेही सलग नसते. दोन दिवस आता, तीन दिवस महिन्याभराने, सेट पुन्हा लागला की एक दिवस पॅचवर्क, म्हणजे राहून गेलेल्या तुकड्यांचे चित्रण, आणि मग अर्धा दिवस डबिंग. दैनंदिन मालिकेत त्याचा दर दिवसावर ठरतो, पाळी साधारण बारा तासांची असते, आणि महिन्यातून किती दिवस बोलावणे येईल हे लेखकाने त्या पात्राला कथानकात किती जागा दिली यावर अवलंबून असते. म्हणून 'त्यांनी साठ चित्रपट केले' या वाक्याने जे समजत नाही, ते 'त्या वर्षी त्यांना एकशे दहा दिवस काम मिळाले आणि पुढच्या वर्षी चौतीस' या वाक्याने समजते. पहिल्या भेटीत छायाचित्रांचा अल्बम आपोआप पुढे येईल; तो बघावा, पण मागावी ती डायरी.

जुन्या नटांकडे डायरी बहुतेक असते, कारण तारखा सांभाळणे हाच त्यांच्या धंद्याचा अर्धा भाग होता. तीत कॉल टाइम (सेटवर हजर राहण्याची वेळ), स्टुडिओचे नाव, काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचा निरोप, येणे असलेली रक्कम आणि ती मिळाल्यावर मारलेली फुली, असे सारे एकाच पानावर सापडते. डायरीतला चित्रपट आणि पडद्यावरचा चित्रपट यांची नावे पुष्कळदा जुळत नाहीत, कारण चित्रीकरणाच्या वेळी तात्पुरते नाव असते किंवा नटाने निर्मात्याच्या आडनावानेच नोंद केलेली असते. ज्यांच्या डायऱ्या गेल्या, त्यांच्या जुन्या बँक पासबुकांकडे आणि करकपातीच्या फॉर्म १६ए या प्रमाणपत्रांकडे वळावे. त्यांवर पैसे देणाऱ्या संस्थेचे नाव आणि रकमा असतात. त्या संस्थेने त्या वर्षी कोणती मालिका काढली हे शोधले की कोडे सुटते. मालिकांचे पैसे बहुधा तीन महिन्यांनी हाती येतात, त्यामुळे एप्रिलमधली जमा ही जानेवारीतल्या कामाची असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

यानंतर नावाचा प्रश्न, आणि तो आपल्या गावात विशेष अवघड आहे. हिंदी टायटलांत 'ळ' सहसा उरत नाही, त्यामुळे इंदूरचे काळे तिथे काले होतात. रोमन लिपीत तर काळे, काले आणि केल हे तिघेही एकाच स्पेलिंगचे धनी. कोणी मधले नाव गाळतो, कोणी आडनावच टाकतो. म्हणून नटाच्या नावाची शक्य ती सर्व रूपे आधी एका कागदावर लिहावीत आणि प्रत्येक रूपाने शोध घ्यावा. उलट बाजूनेही सावध राहावे. माझ्या पहिल्या लेखात मी इंटरनेटवरच्या एका यादीवरून तीन चित्रपट उचलले आणि ते त्याच नावाच्या दुसऱ्याच गृहस्थाचे निघाले. स्मरणिका छापून झाली होती. ज्यांच्यावर लेख होता त्या काकांनी तो वाचून एवढेच विचारले, की त्या तीन चित्रपटांतले आपले काम निदान बरे झाले होते ना! तेव्हापासून चित्रपट स्वतः पाहून, त्यात चेहरा ओळखल्याखेरीज मी एकही नाव यादीत घेत नाही. चेहरा ओळखल्यावर आवाजही ऐकावा, कारण डबिंगच्या दिवशी नट हजर नसेल तर आवाज दुसऱ्याचा असतो, आणि अशी जागा दाखवली की नट स्वतःच त्या दिवसाची हकीकत सांगू लागतो.

सालांची गल्लत टाळण्यासाठी तीन तारखा वेगळ्या ठेवाव्यात: चित्रीकरणाची, सेन्सॉर प्रमाणपत्राची आणि प्रदर्शनाची. प्रमाणपत्र चित्रपटाच्या आरंभीच दिसते, त्यावरची तारीख टिपून घ्यावी. मात्र रखडलेला चित्रपट त्यानंतर बऱ्याच काळाने प्रदर्शित झालेला असू शकतो. पुरस्कारांचेही तसेच. आपल्या इंदूरचे स्वानंद किरकिरे गीतकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यांना 'चुंबक' या मराठी चित्रपटासाठी मिळाला. तो पुरस्कार २०१८ या वर्षाचा, आणि त्याची घोषणा झाली २०१९ मध्ये. लेखात कोणते साल कशाचे, हे सांगितले नाही तर पुढचा लेखक हमखास घोटाळा करतो.

दूरदर्शनच्या कामाचा माग काढणे सर्वांत कठीण. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण त्या काळी टेप महाग असल्याने एकाच टेपवर पुन्हा चित्रण केले जाई, आणि कितीतरी नाटिका त्यातच पुसल्या गेल्या. तिथे वर्तमानपत्रांतले त्या दिवसाचे कार्यक्रम आणि नटाने जपलेली करारपत्रे एवढाच आधार राहतो. पुढच्या काळात वाहिन्यांची नावे बदलली: अल्फा मराठीची झी मराठी झाली, आणि २०१५ मध्ये ई टीव्ही मराठीची कलर्स मराठी. मालिका ज्या नावाच्या वाहिनीवर लागली तेच नाव लिहावे, आजचे नाव हवे तर पुढे जोडावे.

मुंबईआधीच्या आयुष्याला आपल्या लेखांत दोन ओळी मिळतात, त्या मला फार कमी वाटतात. चरित्र-अभिनेता पडद्यावर जी माणसे उभी करतो, ती त्याने बहुधा त्या आधीच्या वर्षांत पाहिलेली असतात. अ. के. हंगल पन्नाशी ओलांडल्यावर चित्रपटांत आले आणि त्याआधी त्यांनी शिंपीकाम केले होते, डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. आपल्या नटाने गिरणीत, बँकेत किंवा शाळेत नोकरी केली असेल, तर तिथला साहेब कसा बसे, शिपाई कसा बोले, हे त्याला विचारावे. इंदूरच्या रंगभूमीचे प्रकरणही इथेच येते. बाबा डिके यांची नाट्यभारती ही नाट्यसंस्था, 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते यांचा त्या मंडळींतला वावर, यांविषयी जुन्या प्रेक्षकांना अजून पुष्कळ आठवते, आणि 'नई दुनिया'च्या जुन्या अंकांत नाटकांची वृत्ते सापडतात. नटाचे मराठी घरातले, हिंदी बाजारातले, ही दुहेरी बोली त्याला हिंदी मालिकांत उपयोगी पडली की आड आली, हा प्रश्न मी कधीच वगळत नाही. पुण्या-मुंबईच्या नटाला तो विचारण्याचे कारण नसते. इंदूरच्या नटाकडे त्याचे उत्तर लांबलचक असते.

भूमिकांविषयी लिहिताना सगळ्या भूमिका मांडू नयेत. जगदीश राज यांनी १४४ चित्रपटांत पोलीस अधिकारी रंगवला आणि त्याची नोंद गिनेसमध्ये झाली. अशा कारकिर्दीची यादी करून हाती काय लागणार? एकाच गणवेशातल्या दोन भूमिका निवडाव्यात, शेजारी ठेवून पाहाव्यात, आणि चालण्यात, थांबण्यात, समोरच्याचे ऐकून घेण्यात काय फरक आहे ते लिहावे. भूमिकेच्या लांबीवर जाऊ नये. 'अर्धसत्य' (१९८३) मध्ये सदाशिव अमरापूरकर मोजक्याच प्रसंगांत आहेत, तरी त्यांनी रंगवलेला रामा शेट्टी प्रेक्षकांच्या लक्षात राहिला आणि त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तसे प्रसंग मोजावेत, मिनिटे टिपावीत आणि त्या मिनिटांत कॅमेरा कोणावर आहे तेही पाहावे. पुष्कळदा आपला नट चौकटीच्या कडेला उभा असतो आणि नायकाचे वाक्य त्याच्या चेहऱ्यामुळेच पोहोचते.

पैशांचा विषय दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत काढावा, आणि शक्यतो काकू घरात असताना, कारण रिकाम्या महिन्यांचा हिशेब बहुधा त्यांनाच पाठ असतो. बुडालेली रक्कम, न वटलेले धनादेश, न सांगता मालिकेतून काढून टाकलेले पात्र, हे सगळे ऐकून घ्यावे, पण कोणाचे नाव घेऊन काय छापायचे याची परवानगी लेखी घ्यावी. नट अजून कामे करत असेल तर आजचा दर कदापि छापू नये. तो छापला की पुढच्या बोलणीत निर्माता तोच आकडा त्याच्यापुढे ठेवतो.

लेखाची मांडणी वर्षांवरून करण्याऐवजी मी एका पूर्ण दिवसापासून करतो. डायरीतला एखादा साधा दिवस निवडायचा: आदल्या रात्री इंदूरहून अवंतिका एक्सप्रेस पकडली, सकाळी मुंबई सेंट्रलला उतरले, तिथून लोकलने स्टुडिओ, मेकअप करून सहा तास थांबणे आणि संध्याकाळी दोन वाक्ये. त्या सहा तासांत ते काय करत, कोणाशी बोलत, कुठे पाठ टेकत, हे नीट विचारले की लेखाचा मोठा भाग तिथेच मिळतो.

कच्चा खर्डा त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. डोळ्यांनी वाचताना नट सौजन्याने गप्प राहतो. कानांवर पडले की चुकीच्या जागी लगेच थांबवतो. डायऱ्यांच्या झेरॉक्स काढून मूळ प्रती आठवड्याच्या आत परत कराव्यात, आणि चालू वर्षाची डायरी तर मागूच नये, तिथेच बसून उतरवून घ्यावी. फोन कधी येईल सांगता येत नाही, आणि तारीख लिहायला ती त्यांना हाताशी लागते.