खाडीतलं पाणी कसं फिरतं, हे सूक्ष्मजीवांकडून जाणून घेताना या चुका टाळा

खाडीच्या तळातला चिमूटभर गाळ धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की फोरामिनिफेराची (थोडक्यात फोरामची) कवचं दिसू लागतात. एकपेशीय जीवांची ही घरं बहुतेक एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. भरती कुठवर पोचते आणि नदीचा जोर कुठे ओसरतो, हे त्यांच्यावरून कळतं. पण वाचताना गफलत झाली, तर नकाशावरचे प्रवाहाचे बाण उलटे पडतात.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे कवच जिथे सापडलं, तिथेच तो जीव राहत होता असं धरून चालणं. जीव मेल्यावर कवच वाळूच्या कणासारखंच वाहतं. शिवाय ते पोकळ, म्हणून तेवढ्याच आकाराच्या वाळूपेक्षा हलकं. भरती त्याला आत लोटते, पूर बाहेर. त्यामुळे जिवंत आणि मृत वेगवेगळे मोजावेच लागतात. त्यासाठी १९५२ मध्ये संशोधक वॉल्टन यांनी सुचवलेला रोझ बेंगॉल हा रंग आजही वापरतात. पेशीद्रव्य गुलाबी होतं, रिकामं कवच तसंच राहतं. मात्र इथेही फसायला होतं, कारण मेल्यानंतरही पेशीद्रव्य आठवडेच्या आठवडे टिकू शकतं. पुसट गुलाबी झाक दिसली म्हणून जिवंतात धरू नका. कवचाचे बहुतेक कप्पे गडद रंगलेले हवेत. नमुना किमान १४ दिवस रंगात राहू द्या. घाई केली तर खरे जिवंतही निसटतात.

दुसरी चूक मला जास्त सलते: परक्यांना फेकून देणं. खाडीत बरंच आत, चिखलात, उघड्या समुद्रात तरंगणाऱ्या फोरामची कवचं सापडतात. ती इथली नाहीत हे उघड आहे, म्हणून नवखा अभ्यासक त्यांना ‘भेसळ’ ठरवून यादीतून काढतो. अहो, पाण्याच्या हालचालीचे खरे साक्षीदार तेच आहेत! समुद्राचं पाणी त्यांना घेऊन इथवर आलं, याहून थेट पुरावा कोणता? वांग आणि मरे या संशोधकांनी १९८३ मध्ये खाडीच्या गाळातली फोराम कवचं भरतीच्या परिणामाची खूण म्हणून वापरली होती. तसंच गोड्या पाण्यातले थेकअमीबा, म्हणजे कवच असलेले अमीबा, खाडीच्या तोंडाशी मिळाले, तर नदीने त्यांना तिथवर नेलं आहे. परक्यांचा आकारही नोंदवा. सगळे बारीक आणि एकाच मापाचे असतील, तर ते पाण्यात तरंगत आले असण्याची शक्यता जास्त.

अर्थात दोन शंका आधी फेडून घ्या. कवच झिजलेलं, पिवळट पडलेलं असेल, तर ते काठाच्या जुन्या थरातून धुपून आलेलं असू शकतं. आणि ते आधीच्या नमुन्यातून चाळणीत अडकून राहिलेलं असेल तर? प्रत्येक नमुन्याआधी चाळणी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणात बुडवा. मागे राहिलेली कवचं निळी होतात आणि लगेच ओळखू येतात.

चुनखडी कवचं नाहीत, म्हणजे इथे खारं पाणी पोचत नाही, हा निष्कर्षही घाईचा. सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या आम्लधर्मी चिखलात चुना विरघळतो आणि मिलियामिना, ट्रोकामिना यांसारखी वाळूचे कण चिकटवून बनवलेली कवचंच उरतात. अशा वेळी कवचाच्या आतलं पातळ सेंद्रिय अस्तर शोधा. ते दिसलं तर चुना होता आणि गेला. बाटलीतही हेच घडतं, म्हणून नमुना टिकवायला घातलेल्या फॉर्मलिनची आम्लता आधी मारून घ्या.

खारटपणा पृष्ठभागावर मोजायचा आणि जीव मात्र तळातले, हेही नेहमी होतं. गोडं पाणी हलकं, ते वरून समुद्राकडे जातं. जड खारं पाणी खालून आत सरकतं. तळाशीच मोजा, भरतीला आणि ओहोटीलाही.

एका ठिकाणी ६३ मायक्रॉनची चाळणी आणि दुसऱ्या ठिकाणी १२५ची वापरली, तर आकडे शेजारी मांडू नका. आणि अमोनिया (वायू नव्हे, फोरामचं नाव) या एकाच प्रजातीवर विसंबू नका, तिला खारं-मचूळ दोन्ही चालतं.

प्रवाहमापक एक सांगतो आणि गाळ दुसरंच, असं झालं तर लगेच कुणालाही खोटं ठरवू नका. यंत्राने काही दिवसांचा प्रवाह पाहिलेला असतो, तर वरच्या एका सेंटिमीटर गाळात कित्येक महिन्यांचा, कधी वर्षांचा हिशेब मिसळलेला असतो. त्याच जागी पूर ओसरल्यावर एकदा आणि कोरड्या हंगामात एकदा नमुना घ्या, आणि दोन्ही वेळी फक्त जिवंतांची तुलना करा.