माजी मोटोत उतरण्याआधी

टांझानियाच्या न्येरेरे राष्ट्रीय उद्यानात (2019 पर्यंत हा भाग सेलूस अभयारण्यात होता) तागालाला तळ्याजवळ गरम पाण्याचे झरे आहेत. नाव माजी मोटो, स्वाहिलीत अर्थ सरळ 'गरम पाणी'. उगमाशी पाणी चटका देतं. उतारावरच्या खालच्या डोहात ते अंगाला सोसवेल इतकं निवतं. म्हणून डुंबायचं ते खालीच, आणि आधी हात बुडवून बघून.

पाण्याला गंधकाचा वास असतो. जोडवी, पैंजण, चांदीची साखळी मुक्कामावरच काढून ठेवा, नाहीतर काळी पडतात.

सगळ्यात महत्त्वाचं: डोकं पाण्याखाली घालू नका, मुलांनाही बुडी मारू देऊ नका. कोमट गोड्या पाण्यात एक अमीबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूत शिरतो. संसर्ग फार क्वचित होतो, पण झालाच तर माणूस बहुधा वाचत नाही. मानेपर्यंत बसा, तेवढ्यानेही प्रवासाचा शीण छान उतरतो.

निळे-काळे कपडे टाळा, चावणाऱ्या त्से-त्से माश्या त्या रंगांवर धावतात. गाडीतून उतरायचं ते गाइडने आजूबाजूची झुडपं पाहून हो म्हटल्यावरच.