जमिनीतून खाली जाणारा आवाज अडवताना या चुका टाळा

वरच्या खोलीतली खुर्ची सरकली की खालच्या खोलीत खरखर ऐकू येते, म्हणून फरशीखाली रबर शीट घातली जाते आणि तरीही आवाज थांबला नाही की दोष शीटला दिला जातो. मी पाहिलेल्या अशा बहुतेक कामांत शीट निर्दोष होती. गफलत कडांना झालेली होती.

पावलाचा धक्का स्लॅबमध्ये उतरू नये म्हणून कोबा आणि फरशी यांचा सगळा थर मऊ शीटवर तरंगता ठेवावा लागतो. तो थर भिंतीला एका जागी जरी घट्ट टेकला, तरी कंपन शीटला वळसा घालून भिंतीत शिरते, आणि हे टाळण्यासाठीच चारही कडांना मऊ पट्टी उभी लावतात. माझ्या घरी ती लावलीही होती. पण काम नीटनेटके दिसावे म्हणून गवंड्याने ती कोब्याच्या उंचीला छाटली, उरलेल्या फटीत ग्राउट, म्हणजे फरश्यांच्या सांध्यांत भरतात तो मसाला, भरले आणि स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी, थेट फरशीवर दाबून बसवले. खाली प्रत्येक पाऊल मोजता येत होते. पुढच्या तीन संध्याकाळी मी गुडघ्यांवर बसून हॅक्सॉच्या पात्याने ती फट खरवडत होतो. तीन भिंती मोकळ्या झाल्या तरी फरक जाणवेना, आणि शेवटी दाराच्या चौकटीमागून बोटभर लांबीचा सिमेंटचा गठ्ठा निघाला, तेव्हा कुठे खाली शांतता झाली. तेव्हापासून पट्टी फरशीच्या वर बोटभर उभी ठेवून ग्राउट वाळल्यावरच मी स्वतः कापतो. स्कर्टिंग बसवताना खाली जाड पुठ्ठा सरकवून ते फक्त भिंतीला चिकटवतो, आणि मग पुठ्ठा ओढून काढून त्या फटीत सिलिकॉन भरतो.

दुसरी चूक म्हणजे सगळे आवाज एकच समजणे. जाड गालिचा पावलांचा आवाज चांगला मारतो, पण बोलणे किंवा टीव्ही त्याला जुमानत नाही; त्यासाठी वजन लागते आणि फटी बंद असाव्या लागतात. थराचे वजन दुप्पट केले तरी तत्त्वतः आवाज आणखी सुमारे 6 डेसिबलनेच कमी होतो, त्यामुळे एखादा प्लायवूड वाढवून चमत्काराची अपेक्षा धरू नये, आणि वजन वाढवण्याआधी स्लॅबला ते पेलेल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे. अंड्यांचे ट्रे खोलीतला घुमारा थोडाफार कमी करत असतील, पण आवाज पलीकडे जाण्यापासून थांबवत नाहीत. ही युक्ती सुचवणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.

शीट जितकी मऊ तितकी चांगली, हाही भ्रमच आहे, कारण फार मऊ फोम वजनाखाली दबून बसतो आणि वरच्या फरशीला तडे जातात. लाकडी फळ्यांची जमीन हलते म्हणून शीटमधून आरपार स्क्रू मारले, तर धक्क्याला खाली उतरायला नवी वाट मिळते. स्लॅबमधून जाणाऱ्या पाइपाभोवतीही तीच मऊ पट्टी गुंडाळावी लागते. हे सारे ठीक आहे का, हे स्कर्टिंग लावण्याआधीच, एकाला वर लाकडी दांडक्याने ठोकायला सांगून आणि आपण खाली प्रत्येक कोपऱ्यात कान देऊन तपासावे, कारण तेव्हा चूक पात्याने निघते आणि नंतर तिच्यासाठी फरशी फोडावी लागते.