सॅडलचे पट्टे: आधी भाराची वाट, मग बकल

झाडावर सॅडलमध्ये, म्हणजे दोरीने झाडाला टांगलेल्या पट्ट्यांच्या आसनात, बसून शिकारीची वाट बघायची, तर पट्टे कमी-जास्त करता आलेच पाहिजेत. थंडीत जाड कपडे चढले की मांडीचा पट्टा आवळतो, आणि फार वेळ एकाच कोनात बसलं की कंबर धरते.

पण बकल निवडण्याआधी कागदावर एक रेघ काढा. झाडाला बांधलेली दोरी, तिथून ब्रिजची दोरी (कमरेच्या दोन बाजूंना जोडणारी, समोरची), तिथून कमरेच्या दोन्ही बाजूंचे लूप (ती दोरी अडकवायचे फास) आणि शेवटी बुडाखालचा पट्टा. अंगाचा भार याच वाटेने जातो, आणि या वाटेवर प्लास्टिकचं क्लिप-बकल येता कामा नये. भार पेलणारी ही पट्टी आणि तिची शिवण मी घरी करत नाही. किती भार पेलते ते छापलेलाच तयार पट्टा घेतो. घरच्या शिवणीवर लटकून बघितल्याने तिची खरी ताकद कळत नाही. पट्टी शक्यतो पॉलिएस्टरची असावी, कारण नायलॉन जास्त ताणतं आणि भिजलं की कमजोर होतं.

मांडीच्या पट्ट्याला धातूचं, मधे दांडी असलेलं बकल लावा. टोक एकदा ओवून थांबू नका; उलटं फिरवून पुन्हा त्याच बकलातून काढा आणि निदान 75 मिमी मोकळं सोडा. त्या टोकाची दुहेरी घडी घालून शिवली की जाड गुठळी होते आणि पट्टी सरकली तरी बकलातून निसटत नाही. एवढी शिवण मात्र घरी खुशाल करा. पट्टा आणि मांडी यांत सपाट हात जावा, मूठ जाऊ नये.

बसल्याजागी कोन बदलायचा तो ब्रिजवर, प्रुसिक गाठीने; ही दोरीभोवती वेढे घालून मारलेली गाठ भार आला की आवळते आणि भार नसला की सरकवता येते. गाठीची दोरी ब्रिजच्या दोरीपेक्षा बारीक हवी, वेढे एकमेकांवर चढलेले नकोत, आणि ब्रिजच्या टोकाला अडवणारी गाठ हवीच. नुसत्या डायनीमाच्या (मजबूत पण गुळगुळीत कृत्रिम धाग्याच्या) दोरीवर प्रुसिक घसरते, म्हणून मी पॉलिएस्टरचं वेष्टण असलेली दोरी वापरतो.

धातूवर धातू आपटला की हरीण कान टवकारतं. बकलाच्या बाहेरच्या कडेला कापडी टेप गुंडाळा, पण पट्टी चावली जाते ती जागा उघडी राहू द्या. तिथली झीज डोळ्यांना दिसली पाहिजे.

शेवटी जमिनीपासून गुडघाभर उंचीवर बसून बघा. पट्टी बकलातून जिथे बाहेर येते तिथे खडूने खूण करा, अंग हलवा, वजन डावी-उजवीकडे टाका. खूण सरकली तर ते बकल त्या पट्टीसाठी नाही.